जिनाच्या आवारातले रोडगे

जानराव गावंडे यांची नोकरी रोडग्यांपायी गेली. चोरी नाही, मारामारी नाही, दारू नाही. मूर्तिजापूरच्या रस्त्यावरच्या ज्या जिनिंग फॅक्टरीत त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली, तिच्या आवारात हनुमान जयंतीला त्यांनी रोडगे भाजले, एवढंच. बडतर्फीच्या पत्रात मात्र रोडगे हा शब्द कुठेही नव्हता. तिथे होतं, ‘ज्वलनशील मालाच्या सान्निध्यात जाणूनबुजून आग प्रज्वलित करणे’. पत्र वाचून झाल्यावर त्यांच्या बायकोने, मनकर्णाबाईंनी विचारलं,

“हे तुमी कधी केलं?”

“हनमान जयंतीले.”

“त्या दिवशी त तुमी रोडगे केले होते.”

“तेच हाये थे.”

मनकर्णाबाईंनी पत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. “मोठ्या भाषेत लिवलं म्हंजे काहीबी गुन्हाच वाटते,” त्या म्हणाल्या आणि भाजी पाहायला आत गेल्या.

जानराव जिनात फिटर होते. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांचे रोलर, पट्टे, बेअरिंग त्यांच्या हाताखाली. काम बरं होतं, पण त्यासाठी त्यांना कुणी ओळखत नव्हतं. पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं ते रोडग्यांसाठी. कणकेच्या पुऱ्या तेलाचं बोट लावून एकावर एक रचायच्या, त्यांचा मुठीपेक्षा मोठा गोळा वळायचा आणि गोवऱ्यांच्या जगऱ्यात, म्हणजे पेटवून निखाऱ्यावर आणलेल्या ढिगात, पुरून भाजायचा. फोडला की आतून पदर सुटले पाहिजेत. वर तूप, बाजूला वांग्याची भाजी आणि वरण. नवसाच्या पंगतीला वांग्याची भाजी करणारे ढिगाने मिळतात, जगरा सांभाळणारा मिळत नाही, असं जानरावांचं मत होतं आणि ते मत ते फारसं लपवून ठेवत नसत. एकदा एका लग्नघरी कुणीतरी त्यांच्या रोडग्याला ‘थोडा चिकट’ म्हटलं होतं. त्या घरी ते पुन्हा गेले नाहीत, त्या घरच्या मयतीलाही नाहीत.

जिनाचा हंगाम चैत्रात संपतो. फॅक्टरीच्या मागच्या भिंतीला लागून एक लहानसा मारुती आहे, आणि हंगाम बिनधोक पार पडला म्हणून हनुमान जयंतीला त्याला रोडग्यांचा नैवेद्य दाखवायचा ही तिथली जुनी रीत. जगरा पेटायचा तो भिंतीपलीकडच्या मोकळ्या वावरात. त्या वर्षी त्या वावराचे प्लॉट पडले आणि भोवती तारेचं कुंपण आलं. मारुती भिंतीच्या आत राहिला, जगऱ्याची जागा बाहेर गेली.

जानराव मॅनेजरकडे गेले. मॅनेजर सूर्यभान इंगोले, राहणार मूर्तिजापूर, जानरावांच्या घरापासून तीन गल्ल्या सोडून. गोल चेहऱ्याचा, कुणाशी वाकडं घ्यायला न धजणारा माणूस.

“साहेब, यंदा वावर गेलं. आत करू का?”

इंगोले मोबाइलमध्ये काही पाहत होते. “करा. पन सांभाळून.”

पुढे अकोल्याच्या कामगार न्यायालयात जे काही झालं, ते सगळं या एवढ्या बोलण्यावर झालं.

पंगत मोठी झाली. कायम कामगार, हमाल, चौकीदार, वजनकाट्यावरची माणसं सगळी जेवली. इंगोले जेवले. शेठचे लांबचे नातलग असलेले अकोल्याचे एक निवृत्त अधिकारी दर्शनाला म्हणून आले होते, तेही जेवले आणि तूप कमी आहे म्हणाले. ऑफिसातल्या नितेश नावाच्या कारकुनाने जगऱ्याचा फोटो काढून ‘जय बजरंगबली’ लिहून मोबाइलच्या स्टेटसला लावला. त्याला वाटलं, भक्तीचं काम आहे.

शेठ अकोल्यात राहत. त्यांनी तो स्टेटस दुपारी पाहिला. समोर माणसाएवढी ज्वाळ आणि ज्वाळेच्या मागे विक्रीसाठी रचून ठेवलेली रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, गाठींची थप्पी. विम्याचं नूतनीकरण त्याच आठवड्यात होतं. शेठनी इंगोलेंना फोन लावला. इंगोले तेव्हा नळाखाली हात धरून उभे होते, बोटांचं तूप अजून निघायचं होतं.

“हे काय चाललंय आवारात?”

“मी नव्हतो शेठजी,” इंगोले म्हणाले. “गावंड्यानं परस्पर केलं.”

दुसऱ्या दिवशी जानरावांना आरोपपत्र मिळालं.

कायद्याप्रमाणे कायम कामगाराला काढायचं तर आधी चौकशी करावी लागते. शेठनी चौकशी अधिकारी नेमले ते अकोल्याचे निवृत्त अधिकारी, तूप कमी म्हणणारे. माणूस अनुभवी होता, रिकामा होता आणि नात्यातला होता. चौकशी ऑफिसच्या मागच्या खोलीत बसली.

“तुम्ही आवारात आग लावली, हे खरं की खोटं?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“साहेब, तुमाले मालूम हाये न.”

“मला काय माहीत आहे ते विचारू नका. खरं की खोटं?”

“पन तुमी बाजूलेच बसले होते. मी तुमाले दुसऱ्यांदा तूप वाढलं.”

अधिकाऱ्यांनी लिहिणाऱ्या नितेशकडे पाहिलं. “हे घेऊ नका.”

“काय घेऊ नको साहेब?”

“तूप.”

नितेशने तूप घेतलं नाही. तिसऱ्या बैठकीत आरोप सिद्ध झाला आणि महिनाअखेर जानराव घरी बसले.

त्यांना कुणी सांगितलं, सही करून हिशेब घे आणि मोकळा हो. कुणी सांगितलं, शेठच्या पाया पड. जानरावांना दोन्ही नको होतं. त्यांना नोकरी हवी होती. जिनाचं काम सोडून दुसरं काही त्यांना नीट येत नव्हतं, आणि रोडग्यांवर संसार चालत नाही हे मनकर्णाबाई त्यांना दर सोमवारी सांगत. अकोल्यातले वकील शेठच्या ओळखीचे निघत, म्हणून ते अमरावतीला गेले. राजापेठेत एका शिकवणी वर्गाच्या वरच्या मजल्यावर ॲडव्होकेट रूपाली बोबडे यांचं ऑफिस होतं. खालून मुलांचे पाढे आणि स्कूटरचे हॉर्न वर येत. रूपालीताई कामगारांचीच प्रकरणं चालवत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“चौकशी अधिकारी स्वतः जेवले?”

“पोटभर.”

“आणि मॅनेजरनी परवानगी दिली?”

“करा, पन सांभाळून, म्हणाले.”

“लेखी?”

“ताई, रोडग्याची परवानगी कोनी लेखी घेते का?”

रूपालीताईंनी प्रकरण घेतलं.

पहिला टप्पा अकोल्याला, सहायक कामगार आयुक्तांच्या ऑफिसात. तिथे निकाल लागत नाही, दोन्ही बाजूंना एका टेबलाशी बसवून समेट होतो का ते पाहतात. आयुक्तांनी पाण्याचे ग्लास पुढे सरकवले आणि विचारलं, “माणूस जुना आहे. काही मार्ग निघतो का बघा.”

कंपनीच्या वकिलांनी मार्ग आणलेला होता. जानरावांनी माफीपत्र द्यावं, कंपनी त्यांना परत घेईल. मसुदा तयारच होता. जानरावांनी तो सावकाश वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

“हे ‘कोणासही न विचारता’ काढा. बाकी सगळ्यावर सही करतो.”

“तोच तर मुद्दा आहे,” वकील म्हणाले.

“मग तोच त मीबी म्हणून राह्यलो. इचारून पेटवला. इंगोले साहेब बसले इथं, त्यायले इचारा.”

इंगोले छताच्या पंख्याकडे पाहत होते. पंखा बंद होता.

ती एक ओळ निघेना. काढली तर दोष इंगोलेंवर जात होता, ठेवली तर जानराव खोटे पडत होते. खोटं लिहून नोकरी मिळत असेल तर ती रोज खोटी वाटेल, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं, पण बोलताना ते एवढंच म्हणाले, “नाई होत जी.” समेट फसला आणि प्रकरण कामगार न्यायालयात गेलं.

तारखा सुरू झाल्या. जानराव आणि इंगोले दोघेही मूर्तिजापूरचे, तारीख एकच, आणि अकोल्याची सोयीची बसही एकच. पहिल्या खेपेला दोघे बसच्या दोन टोकांना बसले. दुसऱ्या खेपेला गर्दी होती. इंगोलेंनी बाजूची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

“बसा न गावंडे. कोर्टात भांडाचंच हाये.”

जानराव बसले. बोरगावच्या आसपास इंगोलेंनी विचारलं, “तब्बेत कशी हाये वहिनीची?”

“बरी हाये. तुमची शुगर?”

“हाये वर-खाली.”

अकोल्याच्या स्टँडवर इंगोलेंनी चहा सांगितला. जानराव नको म्हणाले, इंगोले म्हणाले, चहात काय आहे. मग ती रीतच पडली. उतरायचं, एकत्र चहा प्यायचा, न्यायालयाच्या फाटकापाशी वेगळं व्हायचं आणि आत गेल्यावर एकमेकांकडे पाहायचं नाही. एकदा रूपालीताईंनी दोघांना कचोरी खाताना पाहिलं.

“जानराव, तो विरुद्ध पक्षाचा मुख्य साक्षीदार आहे.”

“ताई, मी कचोरीचे पैसे नाई घेतले त्याच्याकून. उलट मी देल्ले.”

“ते आणखी वाईट.”

तेव्हापासून ते कचोरी फाटकापासून दूर खाऊ लागले.

चौकशीचा मुद्दा लवकर निकालात निघाला. जो माणूस पंगतीला होता तो त्याच पंगतीची चौकशी करू शकत नाही, असं न्यायाधीशांनी सांगितलं आणि ती चौकशी बाजूला ठेवली. जानरावांना वाटलं आपण जिंकलो. ते पेढे घ्यायला निघाले होते, रूपालीताईंनी त्यांना पायरीवर थांबवलं.

“चौकशी गेली, आरोप गेला नाही. कंपनी आता तो इथे नव्याने सिद्ध करणार. आणि सिद्ध झाला, तरी एवढी मोठी शिक्षा योग्य होती का, हेही हे न्यायालय पाहू शकतं. घर जाळलं तर फाशी आणि चूल पेटवली तरी फाशी, असं चालत नाही. ते मोजायला हे न्यायालय असतं.”

“मग माही चूल होती,” जानराव म्हणाले.

“तेच. लहान चूल. लक्षात ठेवा.”

कंपनीतर्फे इंगोले साक्षीला उभे राहिले. त्या दिवशी मी आवारात नव्हतो, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. शुगर तपासायला दवाखान्यात गेलो होतो. परवानगी दिली नाही. आग पाहिली नाही. रोडगे खाल्ले नाहीत. सांगताना ते घामाघूम झाले होते, पण उलटतपासणीत रूपालीताईंनी कितीही हलवलं तरी त्यांनी दवाखाना सोडला नाही. आणि पंगतीला जेवलेल्यांपैकी शेठविरुद्ध साक्षीला यायला कुणी तयार नव्हतं.

न्यायाधीश सांगलीकडचे, अकोल्यात नवेच. साक्ष नोंदवून घेताना ते मध्येच थांबले.

“रोडगा म्हणजे नेमकं काय? बाटीसारखं असतं का?”

टंकलेखकाची बोटं थांबली, तो इथलाच, बाळापूरचा होता. दोन्ही बाजूंचे वकील त्या प्रकरणात पहिल्यांदा एका सुरात म्हणाले, “नाही साहेब.” दोघांनी समजावून सांगायचा प्रयत्न केला. अखेर न्यायाधीशांनी ‘गव्हाच्या कणकेचा विस्तवात भाजलेला थरांचा गोळा’ अशी नोंद घेतली. जानरावांना ती पटली नाही. त्यांनी हात वर केला होता, रूपालीताईंनी तो खाली ओढला.

मग जानरावांची पाळी आली. आदल्या दिवशी राजापेठेत रूपालीताईंनी त्यांची तयारी करून घेतली. खाली शिकवणी सुरू होती, वर ही.

“जाळ केवढा होता?”

“लहान.”

“गाठी कुठे होत्या?”

“दूर.”

“कोणाला विचारलं होतं?”

“इंगोले साहेबाले.”

“याच्यापलीकडे एक अक्षर नाही. फोटोत ज्वाळ मोठी दिसते ती जवळून काढल्यामुळे, ते मी बघते. जाळ लहान, गाठी दूर, विचारून केलं. म्हणा.”

जानरावांनी म्हटलं. बसमध्ये म्हटलं, जेवताना म्हटलं. मनकर्णाबाईंनी झोपताना पुन्हा विचारून घेतलं. “पाठ झालं,” त्या म्हणाल्या. “आता फक्त तोंड आवरा.”

पिंजऱ्यात जानराव पांढरा शर्ट घालून उभे राहिले. सुरुवात चांगली झाली. जाळ लहान. गाठी दूर. विचारून केलं. रूपालीताई समाधानाने बसल्या. कंपनीचे वकील उठले. त्यांच्या हातात फोटो होता, तो त्यांनी टेबलावर पालथा ठेवला आणि आवाज मऊ केला. त्यांच्या मागच्या बाकावर इंगोले बसले होते. साक्ष होऊन गेली होती, तरी बस एकच असल्यामुळे आले होते.

“जानराव, जाळ लहान होता म्हणता.”

“होय जी.”

“म्हणजे थोडे निखारे.”

“होय जी.”

“आणि तेवढ्यावर सगळ्या फॅक्टरीचे रोडगे भाजले.”

“होय.”

“मग कच्चेच राहिले असतील.”

जानरावांची मान किंचित वर आली.

रूपालीताई उठल्या. “हरकत आहे साहेब. रोडगे कसे झाले हा वादाचा मुद्दा नाही.”

“मी जाळाचाच प्रश्न विचारतोय,” कंपनीचे वकील म्हणाले. “मीही इकडचाच आहे. थोड्या निखाऱ्यावर रोडगा वरून करपतो आणि आत पीठ राहतं. लोकांनी मारुतीचा प्रसाद म्हणून मुकाट्याने गिळले असतील. खरं ना जानराव?”

हा प्रश्न वकिलांना इंगोलेंनी सुचवला होता. बाकी कशावरून हा माणूस हलणार नाही, त्याला रोडग्यावरून छेडा, असं त्यांनी चहाच्या टपरीवर सांगितलं होतं.

“कोन म्हंते कच्चे?” जानराव म्हणाले.

“जानराव,” रूपालीताई म्हणाल्या.

“नाई ताई, थांबा. साहेब, हे लिवून घ्या. ट्रॉलीभर गोवऱ्या होत्या. ट्रॉलीभर. सकायीच रचल्या मी, खाली जाड्या, वर बारक्या. पुरुषभर जाळ गेला पाह्यजे, त्याबिगर गोवरीचा इस्तो होत नाई. निस्ता धूर होते, अन् धुराचा रोडगा कुत्रं खात नाई.”

“पुरुषभर जाळ,” कंपनीचे वकील हळूच म्हणाले.

“पुरुषभर. तुमच्याहून उच्चा. मंग थो बसू द्याचा. लालबुंद झाला की रोडगे सोडाचे अन् वरून राख लोटाची.”

“वारा नव्हता त्या दिवशी?”

“होता न. चैताचा वारा थो. म्हणून त आडोसा घेतला. वारा लागला त रोडगा एका अंगानं करपते.”

“कशाचा आडोसा?”

“गाठीच्या थप्पीचा.”

टंकलेखकाने एकदा न्यायाधीशांकडे पाहिलं आणि टंकलं. रूपालीताईंनी डोळे मिटून घेतले. कंपनीच्या वकिलांना बसायला हरकत नव्हती, त्यांचं काम झालं होतं. शेठची तक्रारही एवढी सविस्तर नव्हती. पण पत्त्यांत चांगला हात आला की माणसाला डाव सोडवत नाही.

“एवढं सगळं करूनही,” ते म्हणाले, “लोक म्हणतात, कच्चेच होते.”

जानरावांनी पिंजऱ्याचा कठडा धरला. “कच्चे असते त या इंगोले साहेबानं पाच खाल्ले असते का?”

“तीन,” मागच्या बाकावरून आवाज आला.

न्यायाधीशांनी मान वर केली. “कोण बोललं?”

इंगोले उभे राहिले होते. आपण उभे आहोत हे त्यांना उभं राहिल्यावर कळलं असावं. दोन रोडग्यांत धडधाकट माणूस हात टेकतो. पाच म्हणजे चारचौघांत सांगायची गोष्ट नाही, त्यात शुगर, त्यात सरकारी नोंद.

“साहेब, थो पाच म्हणून राह्यला,” इंगोले म्हणाले. “तीनच खाल्ले होते.”

“पाच,” जानराव म्हणाले. “दोन तुमी भाजीसंगं खाल्ले, दोन वरनासंगं, अन् एक गुळासंगं.”

“गुळासंगचा अर्धा होता. अर्धा त्या रिटायर साहेबाले देल्ला.”

मग इंगोलेंना सगळ्यांचे चेहरे दिसले. कंपनीच्या वकिलांनी पालथा फोटो सुलटा केला, पुन्हा पालथा केला. रूपालीताई उठल्या आणि अगदी सौम्य आवाजात म्हणाल्या, “साहेब, या साक्षीदाराला पुन्हा बोलवावं, अशी विनंती आहे.”

“मलाही तसंच वाटतं,” न्यायाधीश म्हणाले.

इंगोले पुन्हा पिंजऱ्यात गेले तेव्हा दवाखाना उरला नव्हता. होतो, ते म्हणाले. पाहिला जाळ. परवानगी दिली होती का? इंगोलेंनी जानरावांकडे पाहिलं. बसमध्ये पाहत तसंच.

“करा म्हटलं होतं साहेब. पन सांभाळून बी म्हटलं होतं. ते लिवून घ्या.”

ते लिहून घेतलं गेलं.

परतीच्या बसमध्ये दोघे शेजारी बसले. बोरगाव गेल्यावर इंगोले म्हणाले, “पाच म्हनाची काय गरज होती?”

“तुमी कच्चे म्हनाले काहून?”

“वकील म्हनाला.”

“त्याच्या डोक्यात थे कोन घातलं मले समजत नाई का?”

इंगोले खिडकीतून बाहेर पाहू लागले.

निवाडा काही महिन्यांनी आला. रूपालीताईंनी तो राजापेठेत वाचून दाखवला. आरोप सिद्ध झाला होता, तोही कामगाराच्याच तोंडून आणि गरजेपेक्षा जास्त तपशिलासह. गाठींचा आडोसा घेणं हा न्यायालयाच्या मते निष्काळजीपणाचा कळस होता. मात्र व्यवस्थापनाने परवानगी दिली, व्यवस्थापन हजर राहिलं, व्यवस्थापन जेवलं आणि त्यानंतर एकट्या कामगाराला काढलं. बडतर्फी ही शिक्षा प्रमाणाबाहेर होती. जानराव गावंडे यांना कामावर परत घ्यावं, नोकरी सलग धरावी. मधल्या काळाचा पगार मिळणार नाही, ती त्यांची शिक्षा.

“तुमच्या तोंडाने आपण हरलो होतो,” रूपालीताई म्हणाल्या.

“पन जितलो न ताई.”

“इंगोल्यांच्या तोंडाने जिंकलो.”

मनकर्णाबाईंचा हिशेब वेगळा होता. “कच्चे होते म्हटलं असतं त मागचा पगार बी भेटला असता,” त्या म्हणाल्या.

“मारुतीच्या रोडग्याले कच्चे म्हणू?”

“मारुती पगार देते का?”

जानरावांनी निवाड्याची प्रत घडी करून खिशात घातली आणि सकाळसाठी कामावर जायचे कपडे कपाटातून बाहेर काढून ठेवले.

ते हजर झाले तेव्हा हंगाम तोंडावर होता. जिनाची यंत्रं उघडून पडली होती. मधल्या काळात ठेवलेल्या फिटरने रोलर असे बसवले होते की जानरावांना दोन दिवस फक्त ते पाहून हळहळण्यात गेले. तिसऱ्या दिवशी इंगोले यंत्राशी येऊन उभे राहिले. चेहरा उतरलेला.

“गावंडे, एक काम होतं.”

“बोला.”

“शेठनं मले नोटीस देल्ली. परवानगी देल्ली, लपवलं, कोर्टात खोटं बोललो. घरी बसवतो म्हंते.”

जानरावांनी हातातलं बेअरिंग खाली ठेवलं.

“तुह्या वकीलबाईले इचार न,” इंगोले म्हणाले. “मह्यासाठी बी त्याच कोर्टात काही होते का. खर्च मी करतो. आता थो साहेब मले वळखते.”

जानरावांनी तिथूनच रूपालीताईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं. बराच वेळ ऐकलं, दोनदा ‘होय जी’ म्हटलं आणि फोन खिशात टाकला.

“नाई होत म्हंते ताई.”

“काहून?”

“थे कोर्ट कामगाराचं हाये. मॅनेजर कामगारात येत नाई. तुमी माणसं कामाले लावता, सुट्या मंजूर करता, म्हणून तुमी वरचे. वरच्याले थो दरवाजा नाई. दुसरं कोर्ट हाये, पन तिथं लय वर्षं लागतात.”

इंगोले पोत्यावर बसले. “म्हंजे तुले काढलं त सरकार धावून आलं, अन् मले काढलं त कोनीच नाई?”

“तुमी मोठे हा न साहेब.”

“काय करू या मोठेपनाले?”

“थे ताईले नाई इचारलं.”

इंगोलेंना कुणी काढलं नाही. हंगाम डोक्यावर आला होता, आणि गावोगावच्या कापूसवाल्यांची नावं, त्यांचे स्वभाव, कोण कापसावर पाणी मारून आणतो आणि कोण दगड घालतो, हे इंगोलेंशिवाय कुणालाच सांगता येत नव्हतं. शेठनी त्यांना अकोल्याला बोलावून दुपारभर बोलून घेतलं आणि परत पाठवलं. ते थेट जानरावांच्या यंत्रापाशी आले.

“वाचलो,” ते म्हणाले. “पन आता मनात येऊन राह्यलं, ही मॅनेजरी सोडून फिटरच व्हावं. निदान कोर्ट तरी भेटन.”

जानराव यंत्राखाली अर्धे आत होते. त्यांनी एक हात बाहेर काढला.

“व्हा न. चोवीसचा पाना द्या आधी.”

इंगोलेंनी पेटीत हात घालून एक पाना दिला. जानरावांनी तो न पाहताच परत बाहेर ठेवला.

“हा बावीसचा हाये,” ते आतून म्हणाले. “तुमी मॅनेजरच राहा.”